रोजच्या घोटासाठी बोर्बन: चांगली की नुसती बरी, हे ओळखायचं कसं?

कृष्णाकाठ_सांगली
१२ एप्रिल, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

बेदाण्याच्या व्यापारात माझी तीस वर्षं गेली. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांना बसतो. नमुन्याचा माल मुठीत घेऊन दाबायचा आणि मूठ उघडायची. दाणे सुटे झाले तर ठीक, चिकटून राहिले तर ओल आहे. मग एक दाणा दाताखाली. साल किती जाड आहे, गोडी लगेच येते की मागाहून, द्राक्षं सुकवण्याआधी ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा वास मागे राहिलाय का, हे दोन मिनिटांत कळतं. नुसत्या रंगावर भाव लावणारा फसतो, हे मी दुकानातल्या पोरांना रोज सांगतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे बोर्बनपुढे, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीपुढे, बसलो की मला यातलं काहीच जमत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फेब्रुवारीत पुतण्या ह्यूस्टनहून आला. येताना विमानतळावरून मेकर्स मार्क बोर्बनची बाटली घेऊन आला, ती लाल मेण लावलेली. तोवर मी आपली इथली व्हिस्की सोडा घालून घेत होतो. तो म्हणाला, "काका, हिच्यात सोडा ओतू नका, घोट घोट घ्या." पहिल्या दिवशी फार छान लागली. मऊ. म्हटलं, अशी एक बाटली कायम घरात असावी. पण पुतण्या येणार वर्षातून एकदा. म्हणून इथल्या दुकानातून जिम बीम आणली, पांढऱ्या लेबलची. आता दोन्ही बाटल्या कपाटात शेजारी शेजारी आहेत आणि मला दोन्हींत 'गोड' आणि 'जळजळ' यापलीकडे काही सापडत नाही. लोक व्हॅनिला म्हणतात, ओक म्हणतात, भाजलेले शेंगदाणे म्हणतात. मला एकदाही सापडले नाहीत.

माझी पद्धत सांगतो, चुकत असेल तर सांगा. बुधवार आणि शनिवार, आठवड्यात दोनच दिवस. बाकी दिवस नाही. आठ वाजता गोदामातून येतो. सध्या पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देणं चालू आहे, त्यामुळे अंघोळ करूनच गच्चीवर जातो. ६० मिली, दोन खडे बर्फ, कारण गच्चीची फरशी रात्री नऊपर्यंत तापलेली असते. चखण्याला भडंग, त्यात कांदा आणि हिरवी मिरची.

मला विचारायचंय ते एवढंच. तीन हजारांच्या आतली, नेहमी घरात ठेवायची बाटली निवडताना तुम्ही नक्की काय तपासता? आणि माझी जीभ शिकेल का? वय ५३ आहे.

---

मिरजकर
१२ एप्रिल, रात्री ११.०५

दादा, जीभ शिकते, काळजी करू नका. मी पण असाच सोड्यावरून इकडे आलो. जिम बीम चार वर्षं मुरलेली असते, ४० टक्के अल्कोहोलची, आणि त्या पैशात ठीकच आहे. थोडं वर जायची तयारी असेल तर जॅक डॅनियल्स बघा. ती पण त्याच घराण्यातली.

---

यवतेश्वर_घाट
१३ एप्रिल, सकाळी ७.४०

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि सकाळी चहा घेतल्या घेतल्या लिहायला बसलो. मी साताऱ्याचा. एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत २८ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. रोज सकाळी स्पिरिटचे नमुने हुंगणं हे माझं काम होतं.

तुमची जीभ चांगली आहे. बेदाण्याची गोडी 'लगेच येते की मागाहून' हे ज्याला कळतं, त्याला व्हिस्की कळायला काही अडचण नाही. अडचण आहे ती तुमच्या संध्याकाळच्या मांडणीत.

सगळ्यात आधी गंधक. धुरीच्या खोलीत दिवस काढल्यावर नाक बधीर होतं, आणि बधीर झालंय हे नाकाला स्वतःला कळत नाही. माझ्या हातून हे एकदा घडलं आहे. बारीक सर्दी होती, तरी मी सकाळचे नमुने पास केले. मला वाटलं, येतोय की वास. टँकर पोचला आणि तिकडून फोन आला की मालाला कुजक्या कोबीसारखा वास मारतोय. टँकर परत आला. चूक सर्वस्वी माझी होती, आणि त्या दिवसापासून मी टेबलाच्या खणात लवंगांची डबी ठेवायला लागलो. काम सुरू करण्याआधी डबी उघडायची. लवंग नेहमीसारखी नाकात भिनली तर पुढे जायचं. फिकी वाटली तर त्या दिवशी निर्णय दुसऱ्याने द्यायचा. तुम्हीही हे करा. धुरीच्या दिवशी प्यायचं तर खुशाल प्या, पण बाटलीबद्दल मत बनवू नका.

दुसरं, कांदा-मिरची. सांगलीच्या भडंगाबद्दल मला प्रेमच आहे, पण मिरचीची आग आणि दारूची आग जिभेला एकाच जागी लागते. तुम्हाला जी 'जळजळ' सापडते, तिच्यातली अर्धी मिरचीची आहे. चव बघायच्या वेळी सोबत फक्त पाणी ठेवा, फार तर साधा पाव. भडंग नंतर.

आणि बर्फ. गारठलेल्या दारूतून वास वर येत नाही. चव म्हणून आपण जे म्हणतो ते बहुतेक नाकाचंच काम असतं, तेव्हा बर्फ टाकला की तुम्ही स्वतःच नाकावर झाकण ठेवता.

आता बोर्बन म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण काय शोधायचं हे कळल्याशिवाय सापडत नाही. अमेरिकेचा कायदा याबाबतीत कडक आहे. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातन करताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही, बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली येत नाही. पिंप ओक लाकडाचं, नवं कोरं आणि आतून जाळून काळं केलेलं हवं. वरून रंग किंवा चव घालायला परवानगी नाही. मिरजकरांनी जॅक डॅनियल्सचं नाव घेतलं. ती टेनेसी व्हिस्की. पिंपात जाण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळतात आणि बाटलीवर बोर्बन लिहीत नाहीत. प्यायला छान आहे, पण तुम्हाला बोर्बन शिकायची असेल तर तूर्त बाजूला ठेवा.

तो ८० टक्क्यांचा आकडा माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा. आमच्याकडे उसाच्या मळीपासून जे स्पिरिट निघायचं ते ९६ टक्क्यांपर्यंत नेऊन इतकं स्वच्छ करायचो की ऊस कुठे राहिला हे कुणी सांगू शकत नसे. त्यात काही उरू नये हेच आमचं काम. आपल्या इथल्या बऱ्याच व्हिस्कींचा पाया हेच स्पिरिट असतं. बोर्बनमध्ये उलट आहे. वर मर्यादा घालून दिल्यामुळे मक्याचा अंश आत राहतो. म्हणून पहिला वास मक्याचा शोधा. पॉपकॉर्न नव्हे, निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाचा, साल थोडी करपते तेव्हाचा.

त्यानंतर लाकूड. ओक जळतो तेव्हा त्यातली साखर करपून काकवीसारखी होते. गुऱ्हाळात रस आटत आला की कढईच्या कडेला जो करपट-गोड वास सुटतो, तो बोर्बनमध्ये असतोच असतो. तुम्ही सांगलीचे, तुम्हाला हा वास मी काय सांगणार. व्हॅनिला म्हणून शोधू नका, गुऱ्हाळ म्हणून शोधा, लगेच सापडेल. मागे कधी ओल्या नारळाच्या वडीचा वास येतो, तोही ओकचाच. लवंगही त्याच लाकडातून येते. आणि तोंडात शेवटी जी कोरड येते, सुपारी चघळल्यासारखी, ती लाकडातल्या तुरटपणाची. थोडी असली तर शोभते. जास्त झाली तर दुसऱ्या घोटाला जीभ नको म्हणते.

तुमच्या दोन बाटल्या शिकायला अगदी योग्य आहेत. जिम बीममध्ये मक्यासोबत राय असते. ही राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य आहे. त्याने मिरीसारखा चटका येतो. मेकर्स मार्कमध्ये रायच्या जागी लाल गहू घालतात, म्हणून तुम्हाला ती मऊ लागली. पण एक गफलत होतेय. मेकर्स ४५ टक्क्यांची आहे आणि जिम बीम ४० ची. ही तुलना न्याय्य नाही. आधी दोन्ही एका पातळीवर आणा. मेकर्सच्या ३० मिलीमध्ये पावणेचार मिली पाणी घातलं की ती ४० वर येते. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण असतं ना, ते वापरा. पाणी उकळून गार केलेलं घ्या. माठाचं नको, मातीचा वास उतरतो. नळाचं तसंच नको, क्लोरीन असतं.

(या टक्क्यांवरून आठवलं. २०१३ च्या फेब्रुवारीत मेकर्स मार्कने माल पुरेना म्हणून ४५ चे ४२ करायचं जाहीर केलं होतं. गिऱ्हाईकांनी इतका गदारोळ केला की आठवडाभरात निर्णय मागे घ्यावा लागला. तीन टक्के लोकांना एवढे महत्त्वाचे वाटतात, मग तुलनेत पाच टक्के सोडून कसं चालेल?)

प्यायची रीत साधी आहे. पेला तोंडाशी निमुळता असावा. ओतून दहा मिनिटं तसाच ठेवा. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाक पेल्यात खुपसू नका, नाहीतर नुसता स्पिरिटचा झणका लागतो. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या खोबणीचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. पहिला घोट जिभेला सवय लावण्यापुरता, त्यावर मत द्यायचं नाही. दुसरा घोट तोंडात फिरवून गिळा आणि घड्याळ बघा, चव किती वेळ टिकते ते. आणि मग चमचाभर पाणी घालून पुन्हा. प्रयोगशाळेत आम्ही नमुना २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगायचो, कारण दोष तेव्हा उघडे पडतात. जी बोर्बन पाण्याने नुसती पातळ होते ती सोडा. जी पाण्याने उलगडते ती ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. एका संध्याकाळी बाटली ठरवू नका. पहिला घोट कुठलीही चांगली बोर्बन जिंकते, गोड असल्यामुळे. नेहमीची बाटली ठरते ती पेल्यातल्या शेवटच्या घोटावर.

हे करताना लेबल दिसलं तर मन फसतं, म्हणून एक चाचणी सांगतो. एकसारखे तीन पेले. दोनांत एकच बोर्बन, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी १० मिली. दुसऱ्या कुणीतरी ओतायचं आणि पेल्याच्या बुडाला खूण करायची. तुम्ही फक्त वेगळा पेला ओळखायचा. सहा फेऱ्या करा, पण एका बसणीत दोनच. नुसत्या अंदाजाने सहांत दोन बरोबर येतात, म्हणून दोनाला आनंद मानू नका. मग हेच बर्फ घालून करा आणि कळवा. मी वाट बघतो.

---

वाईची_लेक
१३ एप्रिल, दुपारी २.१५

यवतेश्वरकाका, जपून ठेवलं मी हे. कृष्णाकाठदादा, मी पुण्यात एका हॉटेलच्या बारमध्ये काम करते, माहेर वाई. थोडी भर घालते.

उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेला पेला दहा मिनिटांत कोमट होतो आणि कोमट बोर्बनमधून फक्त स्पिरिट वर येतं. चाचणी घरात, पंख्याखाली करा, पण पंख्याचा झोत पेल्यावर नको. बाटली अर्धा तास माठाशेजारी गारव्याला ठेवली तरी पुरते, फ्रीजची गरज नाही.

बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली की दारू बुचाला खाते आणि चव बिघडते. आणि शेंगदाणे मिळत नाहीत म्हणालात ना, तर आधी चार दाणे कोरडे भाजा, साल काढा, हातावर चोळून वास घ्या, आणि लगेच जिम बीमचा पेला नाकाशी धरा. आमच्याकडे नवीन मुलांना मी असंच शिकवते. एकदा सापडला की पुन्हा हरवत नाही.

दराचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बोर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणलं. पण वर राज्याचे कर असतातच, तेव्हा दुकानात मोठा फरक दिसेल अशी आशा ठेवू नका.

आठवड्यातून दोनच दिवस घेता, ते तसंच राहू द्या. ३० मिली म्हणजे साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय की कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. माझे वडील रोज घ्यायचे, 'थोडीच' म्हणत. म्हणून 'रोजची' हा शब्द मला टोचतो. तुम्ही त्या अर्थाने वापरला नाही हे कळलं, तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

कृष्णाकाठ_सांगली
८ मे, रात्री ९.५०

यवतेश्वरकाका, ताई, मिरजकर, सगळ्यांचे आभार. तीन आठवडे लागले, कारण दिवस वाढवले नाहीत. ताई, तुमच्या वडिलांचं वाचून मी मथळ्यातला 'रोजच्या' शब्द बदलायला गेलो होतो, पण इथे मथळा बदलता येत नाही. बुधवार-शनिवार तेवढेच ठेवलेत.

पहिल्या बुधवारी लवंगेची डबी उघडली. काहीच नाही! जुन्या लवंगा असतील म्हणून सौ.ला हुंगायला दिल्या, तर तिने नाक मागे घेतलं. मी खरंच घाबरलो. डॉक्टरांना दाखवलं, नाक आतून सुजलं होतं. आता धुरीच्या खोलीत मास्कशिवाय पाऊल टाकत नाही आणि कामगारांनाही टाकू देत नाही. इतकी वर्षं सौद्यात माल हुंगताना माझं काय काय निसटलं असेल, हा विचार मनातून जात नाही. बोर्बनच्या निमित्ताने हे कळलं, त्याबद्दल काका तुमचे पाय धरावेत इतके उपकार आहेत. मग धुरी संपेपर्यंत थांबलो, आणि लवंग नीट लागल्यावरच सुरुवात केली.

चाचणी सौ.ने घेतली. पेल्यांच्या बुडाला तिने टिकल्या लावल्या, एकाला लाल, दोघांना हिरव्या, आणि दर फेरीला अदलाबदल. मेकर्समध्ये पाणी मापून घातलं. नुसती, बर्फाशिवाय: सहांत पाच बरोबर. बर्फ घालून: सहांत दोन. म्हणजे गच्चीवर मी आजवर जे करत होतो त्यात मला या दोन बाटल्यांतला फरक कळणं शक्यच नव्हतं.

आता काय सापडलं ते. गुऱ्हाळ पहिल्याच दिवशी सापडलं, दोन्हींत. लहानपणी आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागायचं, आजोबा उलथन्यावरची गरम काकवी पळसाच्या पानावर द्यायचे. तोच वास, आणि तो सांगलीतल्या घरात अमेरिकेच्या बाटलीतून यावा! मी पेला सौ.च्या नाकाशी धरला, ती घेत नाही, पण तीही म्हणाली, "गूळ उतरतोय." शेंगदाणे दुसऱ्या आठवड्यात सापडले, ताईंनी सांगितल्याप्रमाणे दाणे भाजूनच. जिम बीममध्ये आहेत, मेकर्समध्ये नाहीत. आता बाटलीचं बूच काढलं तरी कळतं. नारळाची वडी मात्र अजून नाही.

मेकर्स ४० वर आणल्यावर दोघींतलं अंतर बरंच कमी झालं, पण मिटलं नाही. मेकर्स जिभेवर पसरते, गव्हाच्या खिरीसारखी. जिम बीम जरा हडकुळी आहे, मध्येच मिरी टोचते, आणि शेवट लवकर आटोपतो. घड्याळावर मेकर्स पंचविसाच्या पुढे, जिम बीम पंधरा सेकंदांच्या आसपास. सुरुवातीला मी हे जिम बीमच्या विरोधात लिहून ठेवलं.

मग काका, तुमच्या शेवटच्या घोटाचं आठवलं. चौथ्या बसणीपासून लक्ष देऊन बघितलं, तर मेकर्सचा पेला निम्मा झाला की मला पुरे वाटायचं. गोडी तोंडात साचून राहते. सौद्यात असा बेदाणा येतो, पहिल्या दाण्याला सगळे मान डोलावतात, पण पाच दाणे खाल्ले की हात थांबतो. तो माल मिठाईवाला घेतो, घरचं गिऱ्हाईक परत मागत नाही. जिम बीमचा शेवट लवकर आटोपतो म्हणूनच पुढचा घोट पुन्हा ताजा लागतो, आणि ३० मिलीत मन भरतं. पूर्वी ६० घ्यायचो, आता ३०, आणि चमचाभर पाणी.

तर घरात ठेवायची बाटली म्हणून मी पांढरं लेबल ठरवलं. मेकर्स सणावाराला, पुतण्या आला की. मेकर्स आता बाटलीत तिसरा हिस्सा राहिली आहे. ती दिवाळीपर्यंत तशीच टिकेल का?

---

यवतेश्वर_घाट
९ मे, सकाळी ७.१०

नाकाचं वाचून काळजी वाटली आणि वेळेत दाखवलंत म्हणून बरंही वाटलं. कामगारांना मास्क दिलेत ते फार चांगलं केलंत.

सहांत पाच म्हणजे खरोखर ओळखता येतंय, यात मला शंका नाही. तुमचा निवाडाही पटला. मी स्वतः कुणाला विचारलं असतं तर मेकर्सच सांगितली असती, पण मी कधी एका बाटलीसोबत तीन आठवडे असा बसलो नव्हतो.

तिसरा हिस्सा मोठ्या बाटलीत दिवाळीपर्यंत ठेवू नका. वरच्या रिकाम्या जागेतली हवा वास उडवते. २०० मिलीची काचेची बाटली घ्या, उकळून पूर्ण कोरडी करा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. झाकणाच्या आत रबर असेल तर ते आधी हुंगून बघा, कफ सिरपची बाटली असेल तर वास जात नाही. उरलेली येत्या शनिवारी संपवा, आणि तेव्हा नारळाची वडी शोधा. मेकर्समध्ये ती पेला रिकामा झाल्यावर मिळते, दुसऱ्या दिवशी सकाळी, न धुतलेल्या पेल्यात.